लिमिट वाढली, कमाई नाही

‘तुमच्या कार्डाची लिमिट पन्नास हजारांवरून एक लाख करून देतो,’ असा बँकेचा फोन आला की घरात दोन मते पडतात. मुले म्हणतात, घेऊन टाका. अब्बू म्हणतात, कार्डच कापून टाका. आम्ही म्हणतो, आधी हिशोब करा.

क्रेडिट स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. पगार मोठा म्हणून तो वाढत नाही. हप्ते आणि बिले वेळेवर भरली का, मिळालेल्या लिमिटपैकी किती वापरली, याला त्यात मोठे वजन असते. लिमिट ५०,००० आणि महिन्याचा खर्च ३०,००० असेल तर वापर ६० टक्के झाला. लिमिट १,००,००० झाली आणि खर्च तेवढाच राहिला तर वापर ३० टक्क्यांवर येतो. जाणकार साधारण एवढ्याच्या आत राहायला सांगतात. म्हणजे वाढीव लिमिटचा फायदा तिला हात न लावणाऱ्यालाच. खर्चही ६०,००० वर गेला तर टक्केवारी तीच आणि देणे दुप्पट!

खरा धोका ‘मिनिमम ड्यू’मध्ये आहे. बिल ४०,००० चे आणि भरले फक्त २,००० असे समजा. महिना साडेतीन टक्क्यांनी ३८,००० वर १,३३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. दोन हजार भरूनही देणे जेमतेम सव्वाचारशेने कमी झाले. व्याज देणे-घेणे आपल्याला हराम. कार्डाच्या करारातच व्याजाची अट असते, म्हणून काही उलमा कार्ड टाळायला सांगतात. काही जण मुदतीत पूर्ण बिल भरण्याच्या अटीवर परवानगी देतात. घरात कार्ड असेलच तर पूर्ण बिल, मुदतीच्या आत, हाच एक मार्ग.

लिमिट वाढवून हवी असेल तर आधी काही महिने बिले नियमित भरा. पगार वाढला असेल तर त्याची कागदपत्रे बँकेला द्या. एकाच वेळी चार बँकांत अर्ज करू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते. आणि तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला लिमिट वाढवता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम लक्षात ठेवा.

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात. तो जरूर मागवा. आपल्याकडे पॅनवर ‘मोहम्मद’ आणि बँकेत नुसते ‘मो.’ असे सर्रास असते. नावाच्या साधर्म्याने दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढलेले नाही ना, ते पाहा. चूक दिसली तर तक्रार करा. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

उद्या मुलीच्या शिक्षणासाठी किंवा दुकानासाठी बँकेच्या दारात जावे लागले तर हीच नोंद आधी उघडली जाईल. म्हणून लिमिटच्या अर्जावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारा: या महिन्याचे बिल आपल्या कमाईतून पूर्ण फिटते का? फिटत नसेल तर आधी बाकी फेडा. लिमिटचे नंतर पाहू.