बीज सोडलं म्हणजे नदी वाचली असं होत नाही

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण नदीकाठच्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे.

1830 च्या दशकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांची नोंद केली. शास्त्रीय नावं देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावंच उचलली. खुद्री, कोळस, नुक्ता, मळ्या. जगभरचे अभ्यासक आजही हीच नावं वापरतात. खुद्री म्हणजे आपला महसीर. साइक्सला तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. आज त्याच पाण्यात एक तरी शोधून दाखवा! नुक्ता तर संकटग्रस्त माशांच्या यादीत जाऊन बसलाय.

यावर आपलं ठरलेलं उत्तर काय? बीज सोडा, फोटो काढा, उत्पादन किती टन वाढलं ते सांगा. पण टन मोजून नदी कळत नाही. धरणात सोडतो ते कटला-रोहू मूळचे गंगेकडचे. उजनीतली चिलापी मूळची आफ्रिकेची, 1952 मध्ये भारतात आणलेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे साचलेल्या, घाण पाण्यातही तिचा वंश वाढतो. तिच्यावर कितीतरी घरांची चूल पेटते, हे मान्यच. पण आपल्या नदीच्या माशांना लागतं वाहतं पाणी, खडी-वाळूचा तळ आणि खोल डोह. वाट बंधाऱ्यांनी अडवली, वाळू उपशात गेली, डोहात सांडपाणी साचलं. मग मासा राहणार कुठे?

बीज सोडण्याचा आणखी एक धडा कावेरीने दिलाय. लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेली खुद्रीची पिल्लं चांगल्या हेतूने तिकडे सोडली गेली. ती तिथे इतकी माजली की कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. म्हणजे आपला मासा आपल्या नदीत दिसेना आणि परक्या नदीत उपरा ठरला!

उलट महाडजवळची वाळण कोंड बघा. देवीचे मासे म्हणून लोक त्यांना हात लावत नाहीत. डोह राखला, मासा टिकला.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडा. उन्हाळ्यातही थोडं पाणी वाहतं ठेवा. प्रत्येक तालुक्यात दोन-चार डोह राखीव करा. पावसाच्या सुरुवातीला अंडी घालायला वर चढणाऱ्या माशांपुढे जाळी नकोत, आणि तेवढ्या दिवसांचा खर्च मच्छीमारांना सरकारने द्यावा. बंदीचा भार एकट्या गरिबाने का सोसायचा?

निवडणुका येतील. मतं मागायला येणाऱ्याला एवढंच विचारा : आमच्या नदीत मूळचे मासे किती जातींचे उरलेत?

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना माशांची जुनी नावं विचारून खाली लिहा. यादी आपणच सुरू करू.