इंडिकेटर ‘दिला’ होता!

चार वर्षांपूर्वी मी माझ्या बाईकचे कंपनीचे इंडिकेटर काढून टाकले. मोठे, केशरी, बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले. बाईक एकदम काकालोकांची वाटायची. त्या जागी नखाएवढे एलईडी बसवून घेतले. बटण दाबलं तर ते वेड्यासारखे फडफडायला लागले. “चालतंय की,” गॅरेजवाला दादा म्हणाला. मीही म्हणालो, चालतंय.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, सिंहगड रोडवर मी उजवीकडच्या गल्लीत वळलो. मागून स्कूटरवर एक काकू येत होत्या. त्यांनी करकचून ब्रेक दाबला, स्कूटर घसरली, मनगट मोडलं. मी धावत गेलो आणि पहिलं काय बोललो असेन? “काकू, इंडिकेटर दिला होता मी!”

त्या रस्त्यावर बसूनच म्हणाल्या, “दिला असशील बाळा. मला दिसला नाही.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. आपण सगळे इंडिकेटर ‘देतो’, म्हणजे अंगठा हलवतो. तो समोरच्याला मिळाला का, हे कोण बघतं?

कायदा मात्र नेमकं हेच बघतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०२ सांगतो की इंडिकेटर केशरी हवा, पुढून आणि मागून स्पष्ट दिसायला हवा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. हा आकडा उगाच नाही. फार सावकाश लुकलुकला तर इशारा उशिरा कळतो, फार जोरात फडफडला तर तो इशाराच वाटत नाही. माझा का फडफडत होता? साध्या बाईकचा फ्लॅशर १० वॉटच्या बल्बांच्या हिशोबानं बनवलेला असतो. एलईडी फारच कमी करंट घेतो. फ्लॅशरला वाटतं एक बल्ब उडालाय, म्हणून तो घाई करतो. म्हणजे बाईक मला सांगत होती की काहीतरी बिघडलंय. मला ती स्टाइल वाटली.

आता आपल्या आवडत्या सबबी घेऊ.

“पुण्यात इंडिकेटर दिला की मागचा आणखी रेस करतो.” करतो, खरंय. पण तो तसा वागतो कारण आपण वळायला लागल्यावर इंडिकेटर देतो. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. तीन सेकंद आधी दिला तर मागच्याला ३३ मीटर मिळतात. वळता वळता दिला तर शून्य. त्याला विचार करायला वेळच न देता त्याच्या उद्धटपणावर बोलायचा आपल्याला काय अधिकार?

“मी सरळ जातोय म्हणून चारही लावले.” चौकात हे दिसलं की माझं डोकं फिरतं. चारही दिवे लुकलुकत असताना तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. सरळ जाणाऱ्यानं काहीही लावायचं नसतं.

“बंद करायला विसरतो हो!” ही सबब मात्र मी अर्धी मान्य करतो. कारमध्ये स्टिअरिंग सरळ झालं की इंडिकेटर आपोआप बंद होतो. आपल्याकडच्या बहुतेक बाईक्सवर ही सोय नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच करता येत नाही, कारण तो चालकाच्या मर्जीवर सोडायचा नाही असं सरकारनं ठरवलं. मग उजवीकडचा दिवा दोन किलोमीटर चालू ठेवून मागच्याला चकवणाऱ्या बाईकचं काय? वेळ किंवा अंतर मोजून इंडिकेटर बंद करणारं तंत्र काही परदेशी मोटरसायकलींवर कित्येक दशकांपासून आहे. लाखभर रुपये मोजून घेतलेल्या बाईकवर निदान टिकटिक वाजणारा बझर तरी मागायला हवा. आपण मागतो काय? ब्लूटूथ.

दंडाचं म्हणाल तर बेकायदा मॉडिफिकेशनला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मला कधीच कुणी अडवलं नाही. हेल्मेट नसलं की कॅमेरा फोटो काढतो, न दिलेल्या इशाऱ्याचा फोटो कसा काढणार? म्हणून ही गोष्ट पोलिसांवर सोडून चालत नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली शंभरात सुमारे ४५ दुचाकीवरची होती. आपल्याभोवती कारसारखा पत्रा नाही. समोरच्याला आपण आधी कळणं, हेच आपलं चिलखत.

काकूंचं प्लास्टर दीड महिना होतं. मी दोनदा भेटायला गेलो. दुसऱ्यांदा जाण्याआधी जुने इंडिकेटर माळ्यावरून काढून परत बसवून घेतले. बाईक पुन्हा काकालोकांची दिसते.

आज पार्किंगमध्ये एवढंच करा. इंडिकेटर लावा, दहा पावलं मागे जा, उन्हात दिसतो का बघा आणि मोबाइलवर एक मिनिट लावून मोजा. मग पुढे जाऊन तेच करा. साठच्या खाली किंवा एकशेवीसच्या वर आकडा आला, तर ‘चालतंय’ म्हणू नका.