कुंपणानेच भाजी खाऊ नये म्हणून

पावसाळा तोंडावर आला की मोहल्ल्यातल्या बायकांच्या बोलण्यात एक विषय ठरलेला असतो, घरामागच्या तुकड्यात यंदा काय लावायचे. त्याला चिकटूनच दुसरा येतो, लावलेले टिकायचे कसे. कोंबड्या वाफा उकरतात, मोकाट डुकरे आळू उपटतात आणि शेळी तर मेथी दोन पानांवर आली की हजर. बकरी ईद सध्या मे-जूनच्या सुमारास येते, तेव्हा घरोघरी बोकड बांधलेला असतो. तो दावे तोडून सुटला की पहिला हिरव्याकडेच धावतो.

आमच्या सेनगाव भागात पूर्वी बोरी-बाभळीच्या काट्या रोवून भागायचे. आता काट्या आणायला रान उरले नाही आणि आणणारे हातही नाहीत. शेतकरी डुकरे आणि रोही बिचकावेत म्हणून शेताभोवती जुन्या साड्या बांधतात, घरामागेही तेच दिसते. पहिल्या वाऱ्यापावसात साडीच्या चिंध्या होतात. म्हणून आता प्लॅस्टिकची चौकशी वाढली आहे. मोबाइलवर पांढऱ्याशुभ्र पट्ट्यांच्या कुंपणाची चित्रे येतात, खाली लिहिलेले असते, ‘देखभाल नाही, रंग नाही, गंज नाही’.

शेजारच्या भाभींनी याच चित्रावरून एका दुकानदाराकडून भाव काढला आणि कागद माझ्यापुढे ठेवला, ‘मॅडम, हे बरोबर आहे का पाहा.’ उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईकडे गणित घेऊन येणारे थोडेच, पण हे गणित मला आवडले. त्यांची जागा तीस फूट रुंद आणि पंधरा फूट खोल आहे. चौथी बाजू घराच्या भिंतीने झाकलेली. म्हणजे पंधरा, तीस आणि पंधरा मिळून साठ फूट. तीन फुटांचे फाटक सोडले तर कुंपण सत्तावन्न फूट. चार फूट उंचीच्या पट्ट्यांचा भाव रनिंग फुटाला 550 रुपये, म्हणजे 31,350 रुपये. फाटकाचे 3,500 धरून एकूण 34,850. गाडीभाडे आणि बसवण्याची मजुरी वेगळी. भिशीचा नंबर लागला होता, हातात 40,000 होते. मुलीच्या कॉलेजचा प्रवेश पुढच्या महिन्यात.

मी त्यांना एकच विचारले, ‘भाभी, तुमची भाजी वर्षाला किती रुपयांची होते?’ बाजारातून आणावी न लागलेली मेथी, पालक, दोडकी, वांगी, कोथिंबीर असे आम्ही आठवून आठवून लिहिले. उन्हाळ्यात पाण्याअभावी वाफे कोरडेच असतात, म्हणून आठच महिने धरले. महिन्याला 400 रुपयांच्या वर जाईना. म्हणजे वर्षाला 3,200. या हिशोबाने दहा वर्षांहून अधिक काळ ती बाग फक्त कुंपणासाठी पिकणार. कुंपणच शेत खाते ही म्हण आपण दुसऱ्या अर्थाने वापरतो, पण इथे ती अक्षरशः खरी ठरत होती.

या पांढऱ्या कुंपणाची जाहिरात खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ती दुसऱ्या देशातल्या घरासाठी लिहिलेली आहे. अमेरिकेत घरापुढे लाकडी पट्ट्यांचे पांढरे कुंपण घालण्याची जुनी रीत. त्या लाकडाला काही वर्षांनी पुन्हा रंग द्यावा लागतो, नाहीतर ते कुजते. प्लॅस्टिकने तो रंगाचा खर्च वाचला, म्हणून तिथे ते ‘कमी देखभालीचे’ ठरले. आपल्याकडे परसातल्या कुंपणाला रंग कोण देत होते? जो खर्च आपण कधी करतच नव्हतो, तो वाचवण्यासाठी चौतीस हजार घालायचे कशाला?

शिवाय आपल्या मातीची देखभाल वेगळीच असते आणि जाहिरातीत तिचे नाव नसते. आपली काळी कसदार माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फूटभर खड्ड्यात रोवलेला खांब दोन-तीन पावसाळ्यांत तिरका होतोच, मग वर पीव्हीसी असो की पोलाद. कुंपण मोडते ते बहुधा वरून नव्हे, खालून. म्हणून खड्डा अडीच फूट घ्यावा, मुरूम लागला तर उत्तम. खांब उभा केल्यावर तीच काळी माती पुन्हा लोटू नये, खडी-सिमेंटचा माल भरावा. गवंडी ‘इतकं कशाला, मॅडम’ म्हणतो. त्याला म्हणू द्यावे, आणि पहार हातात द्यावी.

उन्हाचेही तसेच. मराठवाड्याचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. ऊन सोसण्याचे औषध नसलेले प्लॅस्टिक अशा उन्हात पिवळे पडते, कडक होते आणि एक दिवस शेळीने पुढचे पाय टेकले की तडकते. चांगल्या पांढऱ्या पीव्हीसीत टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, तर काळ्या जाळीत कार्बन ब्लॅक म्हणजे एक प्रकारची काजळी असते, ती उन्हाला अडवते. म्हणून जाळी घ्यायची तर काळी घ्यावी आणि वेष्टनावर ‘यूव्ही-स्टॅबिलाइज्ड’ लिहिले आहे का ते दुकानातच पाहावे. प्लॅस्टिक तापले की लांबतेही. आठ फुटी पीव्हीसी पट्टी सकाळच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत तीस अंशांनी तापली तर चारेक मिलिमीटर वाढते. सांध्यात तेवढी जागा सोडली नसेल तर ती फुगून वाकते. बसवणाऱ्याला हे माहीत आहे का, ते आधी विचारून घ्यावे.

भाभींसाठी मग आम्ही दुसरा कागद केला. पाच ते सहा फुटांवर एक असे बारा खांब, लोखंडी अँगलचे, साडेसहा फूट लांब. त्यातले चार फूट वर आणि अडीच फूट जमिनीत. कापून, भोके पाडून एकाचे 350 धरले तर 4,200 रुपये. सिमेंट, वाळू, खडी यांचे 1,500. दोन माणसांची एका दिवसाची मजुरी 1,200. चार फुटी काळी जाळी 40 रुपये फुटाने साठ फूट, म्हणजे 2,400. वर, मध्ये आणि खाली ओढायची तार 200. वेल्डरकडून साध्या चौकटीचे फाटक 1,200. एकूण 10,700. हे आमच्या चौकशीतले भाव आहेत, तुमच्या गावी कमी-जास्त निघतील. पण प्रमाण फारसे बदलणार नाही. ज्या प्लॅस्टिकच्या नावाने आपण भाव विचारतो त्याचा वाटा चौथाईसुद्धा नाही. पैसा खांबात, खड्ड्यात आणि फाटकात जातो. दुकानदार फक्त जाळीचा दर सांगतो, तेव्हा ‘बाकीचे धरून किती?’ हा प्रश्न आपणच विचारायचा असतो.

चार वर्षांनी जाळी बदलावी लागेल असे धरा. बारा वर्षांत दोनदा बदलली तरी 4,800 वाढतात आणि बेरीज 15,500 वर थांबते. पांढऱ्या कुंपणाची एक पट्टी तुटली, तर तशीच पट्टी त्याच दुकानात बारा वर्षांनी मिळेल याची हमी कोणी देत नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर प्लॅस्टिकला कायमची नोकरी देऊच नये. तीन वर्षांच्या बोलीवर ठेवावे. जाळीच्या आत फुटाफुटावर मेंदीच्या काड्या लावाव्यात. साठ-सत्तर काड्या कुणाच्याही जुन्या कुंपणावरून फुकट मिळतात. दोन-तीन पावसाळ्यांत मेंदी कमरेएवढी दाट होते. वर्षातून दोनदा छाटावी लागते आणि दोन फूट जागा खाते, हे आधीच सांगते. पण ईदच्या चांदरातीला आणि घरातल्या लग्नाला पाला दारात असतो. मेंदीऐवजी अडुळसाही चालतो. शेळी त्याला तोंड लावत नाही, इतके की तमिळमध्ये त्याचे नावच ‘शेळी शिवत नाही’ अशा अर्थाचे आहे आणि तेच पुढे त्याच्या शास्त्रीय नावात गेले. शेराचे कुंपण मात्र मुलांच्या घरी नको, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार घातक.

मेंदी भरली की जाळी काढून टाकावी, फक्त खालचा फूटभर पट्टा ठेवावा. कारण बुंध्याशी फटी राहतात आणि कोंबडीला तेवढे पुरते. काढलेली जाळी चुलीत घालू नका. पीव्हीसी असेल तर तिचा धूर विषारी असतो. तुकडे होईपर्यंत वाट पाहणेही बरे नाही, ते तुकडे शेळीच्या पोटात जातात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर खड्ड्यात सिमेंट ओतूच नये. बांबूच्या मेखांना खालून डांबर फासून रोवल्या तर तीन वर्षे निघतात आणि सगळा खर्च निम्म्यावर येतो.

भाभींच्या बाबतीत एक गोष्ट कागदावर नव्हती. ज्या शेळ्या त्यांची मेथी खातात त्या पलीकडच्या खालांच्या आहेत, आणि खालांचे घर त्या चार शेळ्यांवर चालते. दोन महिने दोघींचे बोलणे बंद होते. भाभींना उंच, पांढरे, मागचे काही दिसू न देणारे कुंपण हवे होते ते त्यामुळेही. आपण लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने, जनावराने खाल्ले तर तो सदका ठरतो, हे दोघींनाही पाठ आहे. मी हळूच आठवण दिली तर भाभी म्हणाल्या, ‘मॅडम, सदका रोज सकाळी सहाला होत नसतो.’ मला उत्तर सुचले नाही.

शेवटी खांब खालांच्या मुलाने खणले, मजुरी घेऊन. भाव त्याने दोनशेने कमी केला. हद्दीची रेघ दोन्ही घरच्यांनी उभे राहून आखली, हे फार बरे झाले. कुंपणाच्या खर्चात मोजणीचा आणि भांडणाचा खर्च कोणी धरत नाही. रस्त्याकडेची बाजू असेल तर नगरपंचायतीत आधी विचारून घ्यावे, तेही त्यातच आले. खाला आणि भाभी अजून मोकळेपणाने बोलत नाहीत. पण छाटलेली मेथीची देठे आणि दोडक्याच्या साली आता जाळीवरून पलीकडे जातात.

मेंदीच्या काड्या लावायच्या असतील तर मृगाचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावाव्यात. काडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, दोन डोळे मातीत आणि दोन वर. पहिल्या महिन्यात पावसाने ओढ दिली तर एक दिवसाआड तांब्याभर पाणी घालावे, तेवढ्याने ती तगते.