पित्ताशयाच्या रुग्णाला पुढची तारीख देऊ नका

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



उजव्या बरगडीखाली कळ, ताप, उलट्या. सोनोग्राफीत खडा अडकलेला आणि पित्ताशयाची भिंत सुजलेली. असा रुग्ण दाखल झाला की सलाईन आणि अँटिबायोटिक्स सुरू होतात, दोन-चार दिवसांत दुखणे शमते आणि अनेक ठिकाणी अजूनही डिस्चार्ज कार्डावर शेरा पडतो : 'सहा आठवड्यांनी शस्त्रक्रियेसाठी यावे.' किमान आपल्या अखत्यारीतल्या रुग्णालयांत तरी हा शेरा अपवादापुरताच उरावा, एवढ्यासाठी हे पत्र. ज्याची प्रकृती भूल झेलू शकते, त्याचे पित्ताशय दुर्बिणीने त्याच मुक्कामात काढले जावे.

सूज ओसरू द्यावी, ही जुनी शिकवण अडाणीपणाची नव्हती. डॉ. तेहेमटन उदवाडियांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हा तंत्र कोवळे होते आणि सुजलेल्या पित्ताशयाच्या वाटेला दुर्बीण घेऊन जाऊ नये, हेच शहाणपण होते. पुढे हात सरावले, साधने सुधारली. रीत मात्र रेंगाळली. जर्मनी आणि स्लोव्हेनियातल्या ३५ केंद्रांत ६१८ रुग्णांवर झालेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. दाखल झाल्यापासून २४ तासांत ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यात गुंतागुंत ११.८ टक्के, औषधे देऊन ७ ते ४५ दिवसांनी ज्यांना घेतले, त्यांच्यात ३४.४ टक्के. रुग्णालयातला मुक्काम ५.४ दिवस विरुद्ध १० दिवस. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या, त्याच वर्षीच्या कॉक्रेन आढाव्यात, थांबवून ठेवलेल्यांपैकी १७.५ टक्के रुग्णांना ठरल्या तारखेआधीच तातडीने टेबलावर घ्यावे लागल्याचे दिसते. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१४ पासून निदानानंतर आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया करा, असे सांगितले आहे.

याचे कारण शरीरातच आहे. पहिल्या काही दिवसांतली सूज पाणीदार असते. थर फुगलेले असतात, पण सुटे होतात. आठवडे गेले की तिथे चिवट तंतू तयार होतात आणि पित्ताशय यकृताला, आतड्याला चिकटून बसते. शिवाय खडे जागेवरच असतात. मधल्या काळात एखादा घसरून मुख्य पित्तनलिकेत गेला, तर कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह, म्हणजे मूळ दुखण्यापेक्षा मोठे संकट.

सर्वांत गंभीर आक्षेप पित्तनलिकेला इजा होण्याचा. ही इजा रुग्णाला जन्मभर पुरते, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. कॉक्रेन आढाव्यात दोन्ही गटांत या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. पण त्यातले रुग्ण ४८८ होते, आणि इतक्या विरळ इजेचा निवाडा तेवढ्यावर होत नाही, हे मान्य करायला हवे. खरे संरक्षण पद्धतीत आहे : यकृताखालचा त्रिकोण साफ करून पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच रचना स्पष्ट दिसेपर्यंत क्लिप लावायची नाही, दिसत नसतील तर पित्ताशय अर्धवट काढून थांबायचे किंवा पोट उघडायचे. पोट उघडणे ही शल्यविशारदाची नामुष्की नव्हे. आणि हे काम रात्री दोन वाजता एकट्या रेसिडेंटने करायचे नाही, दिवसा वरिष्ठांसमोर करायचे.

दुसरा आक्षेप : आपल्याकडचे लोक मुळात उशिराच येतात, लवकर शस्त्रक्रियेसाठी मानली जाणारी, दुखणे सुरू झाल्यापासूनची ७२ तासांची मर्यादा तर वाटेतच संपते. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या ८६ रुग्णांच्या चाचणीत नेमके असेच, ७२ तास उलटून गेलेले रुग्ण घेतले होते. तिथेही लवकर शस्त्रक्रियेच्या बाजूला एकूण गुंतागुंत १४ टक्के, उशिराच्या बाजूला ३९ टक्के. चाचणी लहान आहे, पण दिशा तीच आहे.

राहिली थिएटरची टंचाई. ती खरी आहे, पण रुग्णाला परत पाठवून ती मिटत नाही. तोच रुग्ण दुसऱ्यांदा खाट अडवतो आणि रोजंदारीवर जगणारा असेल तर दुसऱ्यांदा मजुरी बुडवतो.

म्हणून विनंती अशी की, प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अशा रुग्णांसाठी दिवसाच्या थिएटरमधली ठरावीक वेळ राखून ठेवावी. दाखल झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत गेलेले दिवस, पोट उघडावे लागल्याची प्रकरणे आणि पित्तनलिकेच्या इजा यांची नोंद ठेवून ती दरवर्षी महाविद्यालयनिहाय जाहीर करावी. यासाठी नवी इमारत लागत नाही, आपला एक आदेश पुरेसा आहे.