किल्लीवरची मक्तेदारी

मोटारीच्या दुसऱ्या किल्लीचा प्रश्न सुखवस्तूंचा, असे काही कार्यकर्ते म्हणतील. त्यांनी परभणी-जिंतूर रस्त्यावर जुनी गाडी हप्त्यांवर घेऊन भाड्याने चालवणाऱ्याला विचारावे. जुन्या गाडीबरोबर पुष्कळदा एकच किल्ली येते. ती हरवली की धंदा बंद, हप्ता मात्र चालू.

पूर्वी बाजारातला किल्लीवाला कानशीने घासून किल्ली करून देई. पाते तो आजही कापतो. परंतु किल्लीच्या डोक्यात चिप असते आणि तिचा संकेत गाडीतल्या संगणकाला ओळखता आल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही. चोरीला आळा घालणारी ही योजना योग्यच आहे. आक्षेप आहे तो नोंदणीची साधने व संकेतांक कंपन्यांनी स्वतःच्या मुठीत ठेवण्याला. वस्तू विकायची, पण तिच्यावरचा ताबा सोडायचा नाही!

याच वृत्तीबद्दल २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग व दोषनिदानाची साधने स्वतंत्र कारागिरांना खुली करण्यास फर्मावले. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ काढले. संकेतस्थळाने गाडी सुरू होत नाही.

तूर्त, एक किल्ली हाती असतानाच दुसरी करून घ्यावी. एकही न उरल्यास खर्च फार वाढतो. शासनाने हे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकवावे आणि नोंदणीकृत कारागिराला संकेतांक देण्याची सक्ती कंपन्यांवर करावी. चोरीची सबब सांगणाऱ्यांना विचारावे: गाडीची कागदपत्रे आणि मालकाचे ओळखपत्र तपासणे परभणीच्या कारागिराला जमणार नाही काय?