बदली शब्द, परमनंट शब्द

गणपतीला गावी जायचं कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट हातात असणं म्हणजे काय, हे लालबाग-परळच्या माणसाला वेगळं सांगायला नको. असं सोन्यासारखं तिकीट मी एकदा स्वतःच्या हातानं कॅन्सल केलंय. कारण? एक इंग्रजी शब्द. आणि तोही मला येत असलेला!

झालं असं की, लोअर परळच्या आमच्या ऑफिसात क्लायंटची मीटिंग होती. काचेची केबिन, एसी फुल्ल, टेबलावर कुणीही न खाल्लेली कुकीज. क्लायंटनं सहा आठवड्यांचं काम तीन आठवड्यांत मागितलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण आकडे माझ्याकडे होते. मला सांगायचं होतं, 'धिस टाइमलाइन इज नॉट फीजिबल.' फीजिबल! पेपरात शंभर वेळा वाचलेला, अर्थ पक्का माहीत असलेला शब्द. पण ऐनवेळी तो कुठे दडी मारून बसला देव जाणे. तोंडातून निघालं, 'सर, इट इज लिटल डिफिकल्ट.'

क्लायंट खूश. 'लिटल' डिफिकल्ट ना? मग होऊन जाईल की! झालं. पुढचे तीन रविवार अख्खी टीम ऑफिसात. मधे गणपती आले. गावच्या घरी आरत्या चालू होत्या आणि मी एक्सेलमध्ये सेल रंगवत होतो. वर अ‍ॅप्रेझलमध्ये शेरा मिळाला तो वेगळाच, 'मीटिंगमध्ये मत मांडत नाही.' अरे बॉस, मत होतं हो! शब्द वेळेवर पोचला नाही.

तुमचंही असं होतं का? मग आजचा कॉलम तुमच्यासाठीच.

दोन खिसे

आपल्या प्रत्येकाकडे शब्दांचे दोन खिसे असतात. एक वाचून-ऐकून कळणाऱ्या शब्दांचा. तो चांगला फुगलेला असतो. दुसरा, गरज पडली की पटकन हाताला लागणाऱ्या शब्दांचा. तो बिचारा पार रिकामा. आपण 'व्होकॅब्युलरी वाढवायची' म्हणून जे काही करतो, म्हणजे फूटपाथवरून जाडजूड पुस्तक आणणं, रोज दहा अवघड शब्द पाठ करणं, त्यानं पहिला खिसाच आणखी फुगतो. मीटिंगमध्ये मात्र हात जातो दुसऱ्या खिशात.

मीही हेच केलं होतं. एमबीए एन्ट्रन्सच्या वेळी चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, कपाटाच्या दारावर मी शब्दांच्या याद्या चिकटवल्या होत्या. एकेक शब्द असा की उच्चारताना जीभ अडखळावी. आमचे आबा, म्हणजे आजोबा, गिरणीत स्पिनिंग खात्यात होते. एकदा चष्मा लावून त्यांनी यादीवर बोट ठेवलं आणि विचारलं, 'ह्येचो अर्थ काय रे झिला?' मला आठवेना. आदल्या रात्रीच पाठ केलेला शब्द! आबा हसले. म्हणाले, 'भिंतीर लावून काय उपयोग? कामाक लाव.'

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. आता कळतंय, माणूस किती पक्कं बोलला होता. आबांची शाळा चौथीपर्यंतच झालेली. पण रिंग फ्रेम, स्पिंडल, बॉबिन, रोव्हिंग, डॉफिंग, शिफ्ट, ओव्हरटाइम, बोनस, ग्रॅच्युइटी, लॉकआउट... हे सगळे इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडात चुना-तंबाखूइतके सहज. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आबा पुन्हा कधी मशीनवर उभे राहिले नाहीत. पण शब्द? शेवटपर्यंत एकही विसरले नाहीत. डिक्शनरी कधीच न उघडता! कारण त्यातल्या प्रत्येक शब्दाला काम होतं. डॉफिंग म्हणजे भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायच्या. हा अर्थ त्यांनी वाचला नव्हता, हातांनी केला होता.

गेटवर उभा असलेला शब्द

गिरणीत 'बदली' नावाचा प्रकार असायचा, हे तुम्ही घरी ऐकलं असेल. बदली कामगार रोज गेटवर यायचा. कायम कामगार गैरहजर असला तर याला आत बोलवायचे, नाहीतर घरी. अशी वर्षं काढल्यावर कधीतरी तो परमनंट व्हायचा. बोलावणंच आलं नाही, तर माणूस दुसरीकडे कुठेतरी काम शोधायचा.

नवा शब्द अगदी असाच असतो, दोस्तांनो. तो शिकला की डोक्याच्या गेटवर येऊन उभा राहतो. तुम्ही त्याला आत बोलावलंत, कामाला लावलंत, पुन्हा दोन दिवसांनी बोलावलंत, की हळूहळू तो परमनंट होतो. नाही बोलावलंत, तर तो निघून जातो. त्यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही.

हे मी नुसतं हवेत बोलत नाहीये. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की, निरर्थक अक्षरजोड्या पाठ केल्या तर त्यातलं निम्म्याहून जास्त तासाभरातच विसरलं जातं. पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे रात्री पाठ केलेली यादी सकाळी गायब होणं हे अगदी नॉर्मल आहे!

२००८ मध्ये कार्पिक आणि रोडिगर या अमेरिकन संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना ४० स्वाहिली शब्द अर्थांसकट शिकवले. ज्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून शब्द आठवायची सवय ठेवली, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के आठवले. एकदा जमलेला शब्द पुन्हा न विचारता जे नुसते परत परत वाचत राहिले, त्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. गंमत म्हणजे, 'आम्हाला किती आठवेल' याचा दोघांचा अंदाज मात्र जवळपास सारखाच होता. म्हणजे वाचताना वाटतं की सगळं येतंय, पण येत नसतं. पाठांतर आपल्याला असं गंडवतं.

मग करायचं काय? हे घ्या, माझ्यावर चाललेले पाच फंडे.

फंडा १: दर्पण फंडा

६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, हे आपण शाळेत शिकलो. आपण विसरतो ते हे, की त्याच्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापलेला असायचा. आपल्या लोकांना इंग्रजीची गोडी लागावी, हाही त्यामागचा एक हेतू होता. आणि हे करणारा कोण? देवगडजवळच्या पोंभुर्ल्याहून मुंबईत शिकायला आलेला, विशीच्या आसपासचा तरुण! म्हणजे तेव्हाचा यंग प्रोफेशनलच की.

आपण काय करायचं? सकाळी आधी एखादी बातमी मराठी पेपरात वाचायची. मग तीच बातमी इंग्रजी पेपरात. मॅच, बजेट, पाऊस, काहीही. काय घडलं ते आधीच माहीत असल्यानं अनोळखी शब्दाचा अर्थ आपोआप उलगडतो. दादर ते चर्चगेट तेवढ्यात दोन बातम्या आरामात होतात, उभ्यानंसुद्धा.

फंडा २: पाच खणांचा डबा

सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन लेखकानं १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. छोटी कार्डं घ्या. एका बाजूला मराठीत अर्थ किंवा प्रसंग, मागे इंग्रजी शब्द. डब्याला पाच खण. नवं कार्ड पहिल्या खणात, ते रोज बघायचं. शब्द आठवला की कार्ड दुसऱ्या खणात, ते एक दिवसाआड. तिसरा खण आठवड्यानं, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्यानं. कुठेही चुकलात की कार्ड परत पहिल्या खणात. पाचव्या खणातून पार झालेला शब्द परमनंट!

डबा बॅगेत नको असेल तर मोबाइलवर अँकीसारखी अ‍ॅप्स साधारण असाच हिशेब ठेवतात. फक्त एक पथ्य, मराठी बाजू वर ठेवून इंग्रजी शब्द आठवायचा. उलटं केलंत तर पुन्हा पहिलाच खिसा फुगेल.

फंडा ३: शब्द एकटा आणू नका

मराठीत आपण चूक करतो, फोन करतो, अभ्यास करतो आणि लग्नही करतो. एकट्या 'करणे'वर आपला संसार चालतो. इंग्रजीत तसं नाही. मिस्टेक 'मेक' करतात, होमवर्क 'डू' करतात. पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग'. डेडलाइन पाळली की 'मीट', हुकली की 'मिस'. म्हणून कार्डावर नुसतं 'डेडलाइन' लिहू नका, 'मीट अ डेडलाइन' लिहा. शब्दाला जोडीनंच घरी आणा.

आणि आणताय तर त्याचे भाऊबंदही आणा. 'डिसाइड' येतं ना? मग 'डिसिजन', 'डिसायसिव्ह', 'इनडिसायसिव्ह' एकाच फेरीत पदरात पडतात. एका तिकिटात चार सिनेमे!

फंडा ४: शंभरात दोन

इंग्रजी वाचायचं म्हणून आपण थेट एखादी भारी कादंबरी उचलतो आणि चौथ्या पानावर तिचा बुकमार्क कायमचा मुक्काम ठोकतो. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे प्राध्यापक पॉल नेशन सांगतात की, मदतीशिवाय आरामात वाचायचं तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत. याचा सोपा हिशेब असा, की साधारण तीनशे शब्दांच्या पानावर सहापेक्षा जास्त शब्द अडले, तर पुस्तक खाली ठेवा आणि सोपं घ्या. लाज कसली? लायब्ररीच्या लहान मुलांच्या कपाटातलं पुस्तक घेऊन मी लोकलमध्ये बसलोय. कुणीही बघत नाही, सगळे रील्स बघत असतात.

फंडा ५: उच्चार आधी

खरं सांगा, कितीतरी शब्द आपण केवळ उच्चाराच्या भीतीनं गिळतो ना? 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला 'बी' बोलायचा की नाही? (नाही!) मराठीत लिहिलं तसं वाचायची सवय, त्यामुळे ही भीती आपल्याला जरा जास्तच. आता ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह असतं. दाबा, ऐका, तीनदा मोठ्यानं म्हणा. बाथरूममध्ये म्हणा, गच्चीवर म्हणा. जिभेवरून एकदाही न गेलेला शब्द मीटिंगमध्ये पहिल्यांदा बाहेर येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आणि हो, शायनिंग नको

एक धोका सांगतो. शब्द यायला लागले की ते मिरवायची खाज सुटते. साध्या 'यूज'च्या जागी 'युटिलाइझ', 'स्टार्ट'च्या जागी 'कमेन्स'. समोरचा इम्प्रेस होत नाही, कन्फ्यूज होतो. मोठा शब्द शोधायचा नाही, नेमका शोधायचा. 'लिटल डिफिकल्ट' आणि 'नॉट फीजिबल' यातला फरक लांबीचा नाही, तीन रविवारांचा आहे!

त्या गणपतीनंतर मी एकच गोष्ट बदलली. कुठल्याही मीटिंगआधी पाच मिनिटं बसून, आज मला काय सांगायचंय त्याचे तीन शब्द कागदावर लिहितो आणि मनातल्या मनात त्यांची वाक्यं करतो. फक्त तीन. ते मीटिंगमध्ये वापरायचेच. बदलीवाल्यांना त्या दिवशी ड्यूटी लावायचीच.

काही महिन्यांनी तीच केबिन, तसाच क्लायंट, तीच घाई. या वेळी म्हणालो, 'धिस इज नॉट फीजिबल इन थ्री वीक्स. फाइव्ह इज रिअ‍ॅलिस्टिक.' आवाज थोडा कापला, नाही असं नाही. क्लायंटनं वही बघितली आणि म्हणाला, 'ओके, फाइव्ह.' बस्स, एवढंच. एवढ्यासाठी मी किती वर्षं गप्प बसत होतो!

त्या वर्षी गणपतीला गावी होतो. आरती झाल्यावर पडवीत बसलो तर भिंतीवर आबांचा फोटो. मनात म्हटलं, 'आबा, लावलं कामाला.'

या आठवड्याचा होमवर्क: नवा एकही शब्द शिकू नका. कळतात पण तोंडातून कधी निघत नाहीत, असे पाच शब्द शोधा. प्रत्येकाचं तुमच्या कामातलं एक वाक्य लिहा. मोठ्यानं म्हणा. आणि शुक्रवारच्या आत प्रत्येकाला एकदा तरी ड्यूटीवर पाठवा, मेलमध्ये, मीटिंगमध्ये, नाहीतर कॅन्टीनमध्ये. गेटवर बरेच जण ताटकळत उभे आहेत. घ्या ना आत!