गुन्हा मालकाचा, शिक्षा सेविकेला

२२ जुलै २०२५ रोजी ब्रिटनने परदेशातून येणाऱ्या केअर वर्करांसाठी आपले दार बंद केले. वृद्धाश्रमांत किंवा घरोघरी जाऊन वृद्ध, अपंग आणि आजारी माणसांना उठवणे-बसवणे, आंघोळ घालणे, भरवणे, रात्री उशाशी जागणे, अशी कामे करणारा हा वर्ग. आपल्याकडे त्यांना आया किंवा मावशी म्हणतात. याच माणसांना ब्रिटनने साडेतीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, मोठ्या अगत्याने बोलावले होते. आमंत्रण आणि दारबंदी यांच्या दरम्यान जे घडले, ते आपणही नीट समजून घेतले पाहिजे. कारण या व्हिसावर गेलेल्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे आणि परदेशातील नोकरीकडे डोळे लावून बसलेली घरे महाराष्ट्रातही थोडी नाहीत.

मुळात ब्रिटनला ही माणसे बाहेरून का आणावी लागली? युरोपीय संघातील मुक्त संचार २०२० च्या अखेरीस संपला. पाठोपाठ करोनाने हे क्षेत्र खिळखिळे केले. २०२१-२२ मध्ये एकट्या इंग्लंडमध्ये प्रौढांच्या सेवा-शुश्रूषेच्या सुमारे १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या. या कामाचा मोबदला तुटपुंजा आणि कष्ट अपार, त्यामुळे स्थानिक माणूस तेथे टिकत नाही. सेवा देणाऱ्या संस्थांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा स्थानिक प्रशासनाकडून येतो आणि तेथेच हात आखडता घेतला जातो. वेतन वाढवून आपली माणसे टिकवण्याऐवजी बाहेरून माणसे आणण्याचा स्वस्त मार्ग सरकारने पत्करला. परिणामी २०२३ या एका वर्षात 'हेल्थ अँड केअर' व्हिसा मिळालेल्या मुख्य अर्जदारांची संख्या १ लाख ४६ हजारांवर गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक जण सेवा-शुश्रूषेच्या कामासाठी गेले होते.

या व्हिसाची रचना पाहिली की पुढच्या अनर्थाचे मूळ सापडते. आधी नियोक्त्याने ब्रिटिश गृहखात्याकडून प्रायोजक परवाना घ्यायचा, मग प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र काढायचे आणि त्या प्रमाणपत्रावर कर्मचाऱ्याला व्हिसा मिळायचा. म्हणजे व्हिसा सेविकेच्या नावाचा असला, तरी त्याची दोरी मालकाच्या हाती. नोकरी सुटली किंवा मालकाचा परवाना रद्द झाला, तर तिला साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरा परवानाधारक मालक शोधायचा, नाही तर देश सोडायचा. कबूल केलेले तास मिळाले नाहीत, पगार कापला गेला, एका खोलीत चौघींना कोंबले, तरी तक्रार कोणत्या बळावर करायची? तक्रार खरी ठरली की मालकाचा परवाना जाणार, आणि त्याबरोबर तक्रार करणारीचा आसराही जाणार. आखाती देशांतील कफाला पद्धतीवर बोट ठेवणाऱ्या देशाने आपल्या घरात तिचीच सुधारित आवृत्ती उभी केली, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

बरे, ज्यांच्या हाती ही दोरी दिली, त्यांची तरी पारख झाली होती काय? ब्रिटनच्या सीमा व स्थलांतर विभागाचे तत्कालीन मुख्य निरीक्षक डेव्हिड नील यांचा अहवाल मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अस्तित्वातच नसलेल्या एका सेवागृहाच्या नावावर २७५ प्रमाणपत्रे दिली गेल्याचे त्यात नमूद आहे. परवाना घेताना ज्या कंपनीने आपले अवघे चार कर्मचारी असल्याचे सांगितले होते, तिला १,२३४ प्रमाणपत्रे बहाल झाली होती. परवानाधारक मालकांच्या तपासणीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांचे प्रमाण सोळाशे मालकांमागे एक असे होते. नंतर सरकारला जाग आली. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात या क्षेत्रातील ४७० हून अधिक परवाने रद्द झाले. त्या मालकांशी ३९ हजारांहून अधिक कर्मचारी जोडले गेले होते. मालकाने परवाना गमावला, सेविकेने मात्र नोकरी, निवारा आणि त्या देशात राहण्याचा अधिकार एकाच पत्राने गमावला.

या दुःखाची सुरुवात मात्र पुष्कळदा आपल्याच गावातील दलालाच्या कार्यालयात होते. २०२२ मध्ये एका प्रायोजकत्व प्रमाणपत्राचे सरकारी शुल्क १९९ पौंड, म्हणजे सुमारे वीस हजार रुपये होते आणि ते मालकाने भरायचे होते. त्याच कागदासाठी दहा-पंधरा लाख रुपये मोजावे लागल्याच्या तक्रारी पुढे आल्या. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेऊ नये, असे ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय भरतीच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे. पण शेत गहाण टाकून, दागिने मोडून निघालेल्या घराला ते सांगणार कोण? डोक्यावर असे कर्ज घेऊन गेलेली मुलगी अन्याय सोसते, कारण रिकाम्या हाताने परतण्याची तिला सोय उरलेली नसते.

चुका उमगल्यावर ब्रिटनने नियम बदलले. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करांना पती-पत्नी वा मुले सोबत नेण्यास बंदी झाली. त्याच दिवसापासून इंग्लंडमधील प्रायोजकांना 'केअर क्वालिटी कमिशन' या देखरेख संस्थेकडे नोंदणी सक्तीची झाली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस परवाना व प्रमाणपत्राचे शुल्क कर्मचाऱ्याच्या माथी मारण्यास मनाई झाली. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन वर्षाला २५ हजार पौंड ठरले आणि नवी माणसे आणण्याआधी, मालकाचा परवाना गेल्यामुळे निराधार झालेल्यांना काम देण्याचा प्रयत्न करणे इंग्लंडमधील मालकांवर बंधनकारक झाले. यांतील काही पावले योग्य आहेत, पण ती चोरी झाल्यानंतर लावलेली कुलपे आहेत. दुसऱ्यांच्या आई-वडिलांची सेवा करायला ये, पण स्वतःची लेकरे मागे ठेवून ये, या अटीत तर माणुसकीही नाही. आणि दोरी अजूनही मालकाच्याच हाती आहे.

आपल्या देशात कोणाला येऊ द्यायचे, हा प्रत्येक राष्ट्राचा सार्वभौम अधिकार आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. ब्रिटनने दार बंद केले, याबद्दल तक्रार नाही. परंतु आपल्या गरजेपोटी ज्यांना बोलावले, त्यांना न्यायाने वागवणे हे त्या अधिकाराबरोबर येणारे कर्तव्य आहे. ते अशक्यही नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून प्रायोजित कामगारांना नवा मालक शोधण्यासाठी एका वेळी १८० दिवसांची मुदत दिली आणि त्या काळात अन्यत्र काम करण्याची मुभाही दिली. व्हिसाच्या धाकाने कामगाराची पिळवणूक करणे तेथे गुन्हा ठरवण्यात आले. दोषी मालकाला शासन करताना निरपराध कामगार चिरडला जाणार नाही, एवढे पाहणे कोणत्याही सुसंस्कृत राज्यव्यवस्थेला जमले पाहिजे.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणीशिवाय कोणालाही परदेशी नोकरभरतीचा व्यवसाय करता येत नाही आणि नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून ३० हजार रुपये व त्यावरील कर यांपेक्षा अधिक घेता येत नाही. कायदा आहे, पण 'व्हिसा सल्लागार' अशी पाटी लावली की त्याच्या कचाट्यातून सुटता येते, हा दलालांचा अनुभव आहे. जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०२५ मध्ये विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. ही पळवाट बुजल्याखेरीज नव्या कायद्याला अर्थ नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सरकारने सरकारशी बोलण्याचा हा मार्ग निश्चितच अधिक सुरक्षित आहे. मात्र असा करार करताना प्रशिक्षण आणि भाषा यांच्याबरोबरच एक प्रश्न आग्रहाने विचारला गेला पाहिजे: मालक बुडाला किंवा अन्यायी निघाला, तर आमच्या मुलीचे काय?

कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीत, आपल्या गावात काही गोष्टी जरूर सांगाव्यात. ब्रिटनच्या केअर वर्कर व्हिसावर आता भारतातून नव्याने जाता येत नाही. जे आधीपासून तेथे आहेत, त्यांनाच जुलै २०२८ पर्यंत तेथल्या तेथे व्हिसा बदलण्याची मुभा ठेवलेली आहे. म्हणून त्या कामाचे आमिष दाखवून जो आज पैसे मागेल, तो फसवतो आहे. अन्य कोणत्याही देशाची नोकरी असो, एजंटची नोंदणी 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासावी, करारपत्र वाचून घ्यावे आणि पावतीवाचून एक रुपयाही देऊ नये. शेजारच्या घरातील मुलगी निघाली असेल, तर तिचे कागद पाहण्यासाठी जाणत्याने अर्धा तास काढावा. आजारी माणसाची सेवा करणे हे पुण्याचे काम आहे असे आपण नेहमी म्हणतो. ते काम करायला निघालेल्या मुलीला गुलामीचा कागद हाती पडू नये, एवढी काळजी घेणे हे समाज म्हणून आपले कर्तव्य आहे.